ऊन घेणारे पक्षी : मार्चअखेरची नोंद

थंडीतल्या आणि आत्ताच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि वहीत दोन रकाने पाडले: कोवळं ऊन आणि कडक ऊन. दोन्हीकडे पक्षी उन्हातच बसतो, पण काम वेगळं असावं अशी माझी खात्री होत चालली आहे.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी चांगलाच गारठा असतो. सातभाई शेवग्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर एकमेकांना खेटून, पिसं फुगवून बसतात. पंख मिटलेले, चोच बंद. ही सरळ सरळ ऊब घेणं झाली. भारद्वाज तेवढा अपवाद, तो सकाळीच कुंपणावर चढून उन्हाकडे पाठ करतो आणि दोन्ही पंख सोडून देतो.

आता मार्चचं पाहा. भर दुपारी, आपल्याला अनवाणी गच्चीवर पाय ठेववत नाही अशा वेळी, बुलबुल मातीत येऊन पसरतो. एका कुशीवर कललेला, शेपटीचा पंखा, डोक्यावरची पिसं उभी, चोच वासलेली. शेजारच्या काकू पक्षी मेला समजून पाण्याची वाटी घेऊन धावल्या होत्या! वासलेली चोच तहानेची नव्हे, अंगात वाढलेली उष्णता धाप टाकून बाहेर काढणं चालू असतं. म्हणजे पक्षी सोसवेनासं होईपर्यंत तापतो आणि तरी बसून राहतो. ऊब हवी म्हणून असं कोण करेल?

पिसांतल्या उवा कडक उन्हाने हटवायच्या, हे कारण मला सगळ्यात पटतं. उत्तर अमेरिकेतल्या एका जातीच्या भिंगऱ्यांवर प्रयोग झाला होता, 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावरचे परजीवी औषधाने मारल्यावर त्या भिंगऱ्यांचं उन्हात बसणं कमी झालं. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल उन्हाने पातळ होऊन पिसांवर नीट पसरतं, असंही सांगतात. माझ्या वहीत याला उलट जाणारं काही नाही: ऊन घेऊन उठलेला पक्षी बहुतेक वेळा लगेच सावलीत जाऊन चोचीने पिसं विंचरायला लागतो. उवा हलल्यामुळे की तेल पसरवायला, हे गच्चीवरून दुर्बिणीने कळणार नाही.

होल्याची नोंद करताना एक काळजी घ्या. तो एका कुशीवर कलून वरचा पंख ताठ उभा करतो, काखेपर्यंत ऊन जातं. पावसात अंग भिजवतानाही हीच पोझ असते. त्यामुळे नुसत्या फोटोवर विसंबू नका, आभाळ कसं होतं ते लिहा. पाणकावळा पंख पसरून बसला तर तो ओले पंख वाळवतोय, त्याला या वहीत घेऊ नका.

एप्रिलमध्ये वाफ्याचा एक कोपरा पालापाचोळा काढून मोकळा ठेवणार आहे, मांजर दुरून दिसेल असा. पसरलेल्या पक्ष्याला उडायला एक क्षण जास्त लागतो. कोणाकडे शिंजिराची कडक उन्हातली नोंद असेल तर वेळ आणि पोझ कळवा, माझा तो रकाना अजून कोरा आहे.