स्वरलिपीचं पुस्तक, पुढचा हप्ता: मंद्र कोमल नी एकदाचा जागेवर

क्लाससाठी रागांचं स्वरलिपीतलं पुस्तक छापतोय, त्याची प्रूफ कॉपी (छपाईआधी तपासायची प्रत) आली. कव्हर झकास, कागद झकास, बांधणी ठीकठाक. आणि दरबारी रागाचं पान उघडलं तर मंद्र, म्हणजे खालचं सप्तक गायब.

ज्यांना मागचं आठवतंय त्यांना कळलंच असेल काय झालं ते. भातखंडे लिपीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ येते आणि मंद्र स्वराखाली ठिपका. दोन्ही एकाच स्वराखाली आले की आधी रेघ आणि तिच्याखाली ठिपका. छापून आलेल्या पानावर ठिपकाच नाही, नुसती रेघ. भिंग लावून पाहिलं तर रेघेच्या मधोमध वरच्या अंगाला एक बारीकशी गाठ दिसते, तोच आमचा ठिपका. टोनर पसरला, दोघं एक झाले आणि मंद्रातला धैवत मध्य सप्तकात जाऊन बसला. दुसऱ्या रागात कदाचित खपून गेलं असतं. पण दरबारीत धैवत आणि निषाद दोन्ही कोमल आणि रागाचा अर्धा जीव मंद्रात. आमच्या गाण्याच्या बाईंनी पान पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे असं कुणी गायलं तर मला सांगू नका."

प्रेसला विचारलं तर उत्तर आलं, "फाईल आमच्याकडे व्यवस्थित दिसतेय." दिसणारच. पडद्यावर चारशे टक्के मोठं करून पाहिलं की कुठलीही फाईल व्यवस्थित दिसते. त्यांच्या तपासणीत फाँट एम्बेड (फाईलमध्येच भरलेले) आहेत का, ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडलेली जादा जागा) आहे का, पान ए५ आहे का एवढंच बघतात. ते सगळं होतं. पीडीएफफाँट्स या फाईलमधले फाँट दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत एम्बेडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'येस' उभे होते, आणि ती यादी बघून मी खूश होऊन गेलो होतो.

आता मूळ दुखणं. मंद्रासाठी मी नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वापरत होतो आणि कोमलासाठी अनुदात्ताची रेघ. सगळेच तसं करतात, कारण यूनिकोडमध्ये स्वरलिपीसाठी वेगळी चिन्हं शोधत बसण्यापेक्षा हाताशी आहे ते बरं. पण नुक्ता आहे ड़, ढ़, ज़ यांच्यासाठी. तो अक्षराला चिकटून बसावा अशीच त्याची घडण. अनुदात्त आहे वेदपाठासाठी, तो थोडा खाली. म्हणजे ठिपका वर आणि रेघ खाली, लिपीच्या नियमाच्या नेमकं उलट. वेदाच्या मजकुरात नुक्ता येत नाही आणि उर्दू शब्दांत अनुदात्त येत नाही, तेव्हा दोघं एका अक्षराखाली भेटतील असं फाँट करणाऱ्याच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. माझ्या स्वरांच्या फाँटात दोघांमधलं अंतर निघालं हजारात तीस एकक. नऊ पॉइंटला ते होतं ०.२७ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर. सहाशे डीपीआयच्या मशिनचे दोन-सव्वादोन ठिपके. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या कागदावर, एवढी फट टिकत नाही.

फाँट मुक्त परवान्याचा आहे, नाव बदललं की आत हात घालायला हरकत नाही. फाँटफोर्ज हा फाँट घडवायचा प्रोग्राम उघडला. (या प्रोग्रामबद्दल माझं मत तेच आहे: दिसायला भयंकर, वापरायला त्याहून भयंकर, आणि फुकटात याच्याइतकं काम करणारं दुसरं काही नाही.) बेत सोपा होता. रेघ आणि तिच्याखाली सुटा ठिपका असं एकच जोडचिन्ह काढायचं, आणि 'नुक्ता आणि त्यानंतर अनुदात्त दिसला की हे लाव' असा नियम लिहायचा. पहिल्यांदा नियम सीसीएमपीत (फाँटातल्या अगदी आधी चालणाऱ्या नियमांच्या गटात) ठेवला. धला लागला, नि मात्र कोरडा. त्याचं कारण लगेच कळलं: निषादाला ऱ्हस्व इकार आहे. टाइप करताना क्रम न, नुक्ता, इकार, अनुदात्त असा असतो, म्हणजे इकार दोघांच्या मध्ये. हार्फबझ (फाँटातली अक्षरं जुळवून मांडणारा प्रोग्राम) तो इकार उचलून अक्षराच्या आधी नेतो, पण सीसीएमपी त्याच्याही आधी चालून जातं. म्हणून नियम ब्लव्स या दुसऱ्या गटात हलवला, तो इकार हलल्यावर चालतो. आता जमायला हवं होतं.

नाही जमलं. धैवत ठणठणीत. निषाद जिथल्या तिथं.

इथं मात्र डोकं फिरायची वेळ आली. नियम बरोबर, क्रम बरोबर, आणि तरी एक स्वर ऐकत नाही. शेवटी हार्फबझच्या एचबी-शेप या तपासणीच्या प्रोग्रामनं कुठल्या अक्षराला कुठली ग्लिफ (फाँटातली आकृती) लागतेय ते एकेक करून छापून घेतलं, तेव्हा चोर सापडला. न आणि नुक्ता मिळून यूनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, ०९२९ क्रमांकाचं ऩ. ते ठेवलंय तमिळमधला एक न देवनागरीत लिहिण्यासाठी. फाँटात ते अक्षर असलं की हार्फबझ न आणि नुक्ता एकत्र करून सरळ तेच बसवतो. म्हणजे माझा नियम चालायच्या आधीच नुक्ता अक्षराच्या पोटात गेलेला, मग नियमाला सापडणार काय? ग आणि नुक्त्याचं तसंच, तिथं फाँटाचा नुक्त हा नियम दोघांचा ग़ करून टाकतो. मंद्र कोमल गंधार आमच्या वहीत कुठंच नाही म्हणून तो उघडा पडला नव्हता. आणि मंद्र रिषभाची तर आणखी मजा: र आणि नुक्ता म्हणजे आपला 'वाऱ्यावर'मधला ऱ. त्याची धास्ती मला पहिल्यापासून होती. ठिपका दिसतो, त्यामुळे चालून जातं, एवढंच. (हे सगळं इथं टाइप करून दाखवत नाहीये, तुमच्या मोबाईलवर काय उमटेल ते देव जाणे.)

फाँटातून ऩ आणि ग़ काढून टाकता आले असते. नुक्त हा नियमच बंद करता आला असता. अर्धं काम केलंही. पण मग लक्षात आलं की एका ठिपक्यासाठी मी एक आख्खा फाँट सांभाळायला घेतोय, आणि उद्या मूळ फाँटाची नवी आवृत्ती आली की सगळं पुन्हा. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी पुस्तकांसाठी स्वतःचा छापखाना काढला होता, आणि त्यांची लिपी तर भातखंड्यांच्या लिपीपेक्षा चिन्हांनी भरलेली. त्या काळी खिळ्यांनी हे कसं जुळवत असतील हा विचार सारखा येत होता. खिळे जुळवणारा माणूस अक्षर आणि त्याखालचं चिन्ह एकाच खिळ्यात असलं पाहिजे असा हट्ट कशाला धरेल? तो खालच्या ओळीत पट्टी सरकवेल.

तेच केलं. फाँटाला फक्त सा, रे, ग, म, प, ध, नि एवढंच काम. रेघ आणि ठिपका ल्युआलाटेक या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या मॅक्रोनं (छोट्या आज्ञेनं) काढायचे. हे शक्य होतं त्याचं कारण सुदैवानं सातही स्वरांची अक्षरं एकाच रेषेवर संपतात, कुणालाही खाली उकार नाही. त्यामुळे रेघेची खोली सगळ्यांना सारखी ठेवता येते. पूर्वी प्रत्येक अक्षराची रेघ फाँटाच्या मर्जीनं किंचित वरखाली, कमीजास्त रुंद यायची. आता कोमल स्वरांची आख्खी ओळ एका सुतात. हे पान मी नुसतं बघत बसलो होतो.

मापं मनानं ठरवली नाहीत. एका पानावर ०.२ ते ०.८ पॉइंटच्या रेघा आणि ०.८ ते १.६ पॉइंटचे ठिपके चढत्या क्रमानं मांडले, मधली फटही चढती, आणि घराजवळच्या डिजिटल प्रेसवाल्याकडून सत्तर जीएसएम मॅपलिथोवर काढून आणलं. शिवाय त्याच पानाची झेरॉक्स, कारण क्लासात हे पुस्तक झेरॉक्स होऊनच फिरणार आहे, उगाच सोंग कशाला. ०.२५ पॉइंटची रेघ बहुतेक प्रेस चालवून घेतात, पण झेरॉक्समध्ये ती तुटते. शेवटी रेघ ०.५, ठिपका १.३, मध्ये १.१ पॉइंट. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही ठिपका सुटा दिसला. ज्यांना मॅक्रो हवंय त्यांनी सांगा, चार ओळींचं आहे. तार (वरच्या) सप्तकाचा ठिपका मात्र अनुस्वारानंच ठेवलाय आणि तीव्र मध्यमाची उभी रेघ फाँटाचीच. वर गर्दी नाही, मग चालतंय त्याला हात लावायचा नाही.

एक तोटा: पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर मंद्र-कोमलाच्या खुणा येत नाहीत, नुसते सरळ स्वर येतात. छापील पुस्तकाला त्याचं काही नाही. ई-आवृत्ती काढायची वेळ आली तर ॲक्च्युअलटेक्स्ट (कॉपी करताना यायचा मजकूर पीडीएफमध्ये वेगळा नोंदवायची सोय) घालून बघेन.

आता खालचे परिणाम. स्वराखाली साडेचार पॉइंट गेले, त्याखाली एका मात्रेतले स्वर बांधणारा कंस, त्याखाली बोलांची ओळ. म्हणजे प्रत्येक ओळ उंच झाली आणि १४४ पानांची १६० झाली. नव्वद मायक्रॉनचा कागद धरला तर स्पाइन (पुस्तकाची पाठ) ६.५वरून ७.२ मिलिमीटर, आणि कव्हरची फाईल ब्लीड धरून ३०८.५ची ३०९.२. पाऊण मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण स्पाइनवरचं नाव मधोमध बसवलेलं असलं की तेवढ्यानंही एका बाजूला कलतं, आणि मग कपाटात तेच आधी दिसतं. तेव्हा कव्हर शेवटी, पानं पक्की झाल्यावरच. मॅट लॅमिनेशन पुन्हा घेणार नाही, तेलकट बोटं लगेच उमटतात. कागद नॅचरल शेडचाच. दिव्याखाली पांढराशुभ्र कागद डोळ्यांवर येतो, हे बाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

बाकी मजकूर टिरो देवनागरी मराठी या फाँटात आहे. देठाचा श आणि पाकळीचा ल काही खटपट न करता मिळतो, जोडाक्षरं सुरेख. बाईंच्या हस्ताक्षरातली दोन पानं सहाशे डीपीआयला, ग्रे नव्हे, निव्वळ काळं-पांढरं स्कॅन करून घातली. ग्रेमध्ये स्कॅन केलेली शाई छापताना बारीक ठिपक्यांत फुटते, कडा धुरकट होतात. काळं-पांढरं केलं की पेनाचा दाबसुद्धा कळतो.

नवं प्रूफ मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच एक विचार डोक्यात आलाय. तीनतालाच्या सोळा मात्रा उभ्या ए५वर एका ओळीत मावत नाहीत, म्हणून 'खाली'पाशी (नववी मात्रा, जिथं टाळी नसते) ओळ तोडून आठ-आठ केल्या आहेत. सम (पहिली मात्रा) वरच्या ओळीत, 'खाली' दुसऱ्या ओळीत. वाचता येतं, पण एका नजरेत आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) दिसत नाही. हेच पान आडवं केलं तर? २१० मिलिमीटरमधून समास वजा जाता १७३ उरतात, म्हणजे मात्रेला जवळपास पावणेअकरा. चौगुणीचे चार स्वर जेमतेम, पण बसतील. आणि आडवं पुस्तक म्हटलं की वायरो (तारेच्या कड्यांचं) बाइंडिंग. नाहीतरी परफेक्ट (डिंकानं चिकटवलेल्या) बाइंडिंगचं पुस्तक पेटीवर उघडं राहत नाही, एक हात त्यातच अडकतो. रियाजाच्या पुस्तकाला डिंकाची पाठ हा प्रकारच मला आता पटेनासा झालाय.

अडचण एवढीच की आपल्या ऑन-डिमांडवाल्याच्या (मागणीनुसार प्रती छापणाऱ्याच्या) साइजच्या यादीत आडवं ए५ नाही. म्हणजे बाहेरगावच्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी उभी आवृत्ती त्याच्याकडे, आणि क्लाससाठी आडवी वायरोची स्थानिक प्रेसवाल्याकडे. आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) घ्यायचा झाला तर दोन्ही बांधणींना वेगवेगळा लागेल. राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो फुकट मिळतो, त्यामुळे खर्च नाही, फक्त अर्ज दोन. मूळ फाईल एकच ठेवून ताल कुठं तोडायचा ते पानाच्या रुंदीवरून ठरवणारा स्विच टाकायला घेतलाय. झपताल आणि एकताल आडव्या पानावर सरळ बसले. धमाराच्या चौदा मात्रा ५-२-३-४ अशा असल्यानं उभ्या पानावर ओळ कुठं तोडावी ते अजून ठरत नाहीये. सातवर तोडली तर विभाग शाबूत राहतो, पण पुढच्या तीन-चारचे रकाने वरच्या पाच-दोनशी जुळत नाहीत. कुणी धमार छापला असेल तर पानाचा फोटो टाका.