हॉर्नेटच्या पुढच्या माउंटचा तडा

तडा केसाएवढा बारीक होता, पण नेमका मी बसवलेल्या डाव्या माउंटच्या, म्हणजे शॉकचं वरचं टोक धरणाऱ्या आधाराच्या, स्क्रूपासूनच निघालेला. गाडी टामिया हॉर्नेट, रिमोटवर चालणारी छोटी बग्गी, 1984 चं मॉडेल. पुढच्या प्रत्येक बाजूला एकच झुलता आर्म, आणि शॉक म्हणजे स्प्रिंग व सरकणारा दांडा. तेल नाही. उसळी थोपवायला फक्त घर्षण, म्हणून उडीनंतर नाक दोन-तीनदा नाचतं. मालकाला तेलाचे शॉक हवे होते.

आधी किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, खेळ काढला, 0.1 आणि 0.2 मिमीचे शिम (पातळ चकत्या) घालून. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण हाताने हलवल्यावर टकटक वाजता कामा नये. हे सोडून लोक चकचकीत ॲल्युमिनियमचे शॉक लावतात, मग गाडी सरळ जात नाही म्हणून सर्वो (स्टिअरिंग वळवणारी मोटर) बदलतात.

शॉकचं खालचं टोक कुठे धरायचं, यावर खरं डोकं लागतं. आर्मच्या मध्यावर धरलं तर चाक 20 मिमी उचललं की शॉक साधारण 10 मिमीच दबतो, आणि चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा चौथाईवर येतो, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. आर्मच्या लांबीच्या 60 टक्क्यांवरून 70 वर सरकवलं तर तीच स्प्रिंग जवळपास 36 टक्के कडक वाटते. मी 65 च्या आसपास थांबलो. तेलाचा दाटपणा 30 वेट, म्हणजे सुमारे 350 सेंटिस्टोक; पुढचा भाग हलका, त्याला जाड तेल नको. भरल्यावर दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं. घाई केली की दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

कॅम्बरचं, म्हणजे समोरून पाहताना चाक किती कलतं त्याचं, मात्र काही करता येत नाही. एकाच आर्मवर चाक झुलतं, त्यामुळे 90 मिमी लांबीचा आर्म धरला तर 10 मिमीच्या हालचालीत कॅम्बर सहाएक अंशांनी बदलतो. शॉक कितीही भारी लावा. टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत-बाहेर किती वळलंय ते, बदलणं कमी करता येतं: चाकाला सरळ सळई टेकवायची, आर्म वरखाली करायचा, सळईचं टोक कुठे पळतं ते बघत स्टिअरिंग रॉडच्या बॉलखाली स्पेसर घालायचे. इथे 3 मिमी लागले.

आता तडा. शॉक तळाला लागण्याआधी आर्म चासीच्या थांब्याला भिडला पाहिजे, नाहीतर उडीचा सगळा धक्का वरच्या माउंटवर येतो. हे मी स्प्रिंग न काढता, हाताने दाबून तपासलं. चूक तिथेच. स्प्रिंगा काढून पुन्हा पाहिलं तर शॉक 2 मिमी आधीच संपत होता.

पण संशयित आणखी एक आहे. आपोआप न सुटणाऱ्या नायलॉनच्या नटला जागा नव्हती, म्हणून साध्या नटवर निळं थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं होतं. ते ओघळून ताणाखालच्या एबीएस प्लास्टिकला लागलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. हे मला माहीत होतं. थेंब पुसलाही होता. पुरेसा पुसला का, देव जाणे.

तड्याच्या टोकाला 1.5 मिमीचं भोक पाडून तो थांबवला, मागून 2 मिमी एबीएसची पट्टी डकवली. तळाला लागतानाचा धक्का झेलायला दोन्ही शॉकच्या दांड्यांवर बाहेरून 3 मिमी सिलिकॉन नळीचा तुकडा घातला, दोन्हीकडचं थ्रेडलॉक काढलं आणि बुटके नायलॉन नट शोधून लावले.

काम उरकल्यावर उजवं माउंट भिंगाखाली धरलं. तिथे तड्याचा मागमूस नाही. थ्रेडलॉक तेच होतं, शॉकचा स्ट्रोकही (दांड्याची हालचाल) तितकाच.