फुलापेक्षा किल्ल्यांचा जुडगा बरा

कॅलिडोस्कोप सगळ्यांनाच माहितीये, नळी फिरवायची आणि आतल्या रंगीत काचा बघायच्या. माझ्याकडे त्याचाच भाऊबंद आलाय, टेलिडोस्कोप. ह्यात तुकडेबिकडे काही नसतात, पुढच्या टोकाला नुसता काचेचा गोळा, आणि समोर जे असेल त्याचीच नक्षी होते.

पहिले दोन दिवस फुलंच बघत बसले, मग लक्षात आलं की फुलाचं परत फूलच होतं, त्यात काय मोठंसं. खरी धमाल किल्ल्यांचा जुडगा, गुंतलेल्या चार्जरच्या वायरी आणि फिरता पंखा ह्यांच्यात आहे, पंख्याची पाती एकदमच सगळीकडून आत घुसतात आणि परत बाहेर जातात, मी दहा मिनिटं तेच बघत होते. माणसाचा चेहरा मात्र नको, नुसते डोळेच डोळे, भीती वाटते.

आधी वाटायचं गोळा शोभेला लावलाय. तसं नाहीये. नक्षीचे सांधे नीट जुळायला वस्तू नळीतल्या आरशांच्या टोकाला अगदी चिकटून लागते, आता अख्खी खिडकी कुठे चिकटवणार, म्हणून हा गोळाच भिंग होऊन लांबच्या गोष्टीची छोटीशी, उलटी प्रतिमा तिथे आणून ठेवतं. डेव्हिड ब्रूस्टर ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1817 मध्ये कॅलिडोस्कोपचं पेटंट घेतलं आणि 1819 च्या पुस्तकात हा भिंगवाला प्रकारही सांगून ठेवलाय. (पेटंट असूनही नकला एवढ्या झाल्या की त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही, बिचारा.)

मग अर्थातच घरी करून बघायची खुमखुमी. साध्या आरशाला मुलामा मागून असतो, त्यामुळे पुढच्या काचेतही अंधुक प्रतिबिंब पडतं आणि प्रत्येक सांध्यावर भुतासारखी दुहेरी रेघ दिसते. मुलामा पुढून असलेले आरसे मिळाले तर तेच घ्या, फक्त बोट लावू नका, लगेच ओरखडे येतात. 60 अंशांत तीन आरसे लावले की त्रिकोणच त्रिकोण पसरतात, कडेला जाता जाता काळपट होत जातात कारण प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश जातोच. मला स्वतःला दोन आरसे आणि तिसऱ्या बाजूला काळा कागद हे जास्त आवडतं, मधोमध एकच गोल नक्षी, 45 अंशांना आठ भाग, 30 ला बारा.

म्हणजे बारा यायला हवेत. चिकटपट्टी लावता लावता माझा कोन जरा सरकला आणि आता साडेअकराच दिसतायत.