तुम्ही विचारलंत म्हणून : सारखा तो अलिस्टर कुक कशाला?

रेडिओसाठी लिहायला शिकणारी मुलं हमखास विचारतात, ‘सर, आम्ही मराठीत लिहिणार. मग उदाहरण दर वेळी त्या इंग्रज म्हाताऱ्याचंच का?’ प्रश्न रास्त आहे.

कुक जन्मला १९०८ साली, मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डमध्ये. केंब्रिजला शिकला, १९३७मध्ये अमेरिकेत गेला, १९४१मध्ये तिथला नागरिक झाला. मार्च १९४६मध्ये बीबीसीवर त्यानं दर आठवड्याला अमेरिकेबद्दल बोलायला सुरुवात केली. ठरलं होतं तेरा आठवड्यांचं, चाललं फेब्रुवारी २००४पर्यंत. ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ या त्या कार्यक्रमाचे, म्हणजे दर आठवड्याच्या ‘पत्रा’चे, २,८६९ भाग झाले. आता पुरे म्हणाला तेव्हा वय पंचाण्णव, आणि त्यानंतर महिना उलटायच्या आत गेलासुद्धा.

ऐकताना वाटतं, गडी निवांत गप्पा मारतोय. प्रत्यक्षात सगळं आधी टाइपरायटरवर उतरलेलं असे. सुरुवात हवापाण्याची, पानगळीची. अन् बघता बघता आपण एखाद्या राजकीय लफड्याच्या मधोमध. बोलल्यासारखं लिहिणं हे सर्वांत कष्टाचं लिहिणं आहे, आणि मुलांना तेच पटत नाही.

मराठीत तर क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पंचाईत जास्त. पेपरात हे वाक्य खपून जातं : ‘धरणाच्या दुरुस्तीचा निधी अन्यत्र वळवण्यात आल्याचा आरोप निराधार असल्याचे मंत्र्यांनी विधानसभेत सांगितले.’ ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र ‘आरोप’ यायच्या आतच निधी वळवलेला असतो. मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय त्याला नाही. म्हणून रेडिओवर आधी माणूस, मग त्याचं म्हणणं : ‘मंत्री म्हणतात, धरणाच्या दुरुस्तीचे पैसे कुठेही वळवलेले नाहीत. विरोधकांचा तसा आरोप होता.’ दोन वाक्यं, दोन श्वास. कुक वेगळ्या भाषेत असला तरी ऐकणाऱ्याची ही अडचण तो एक क्षण विसरत नाही.

जून १९६८मध्ये लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो तिथंच होता. गर्दीच्या दिवाणखान्यात न शिरता पत्रकारांच्या लहान खोलीत थांबला होता. त्या आठवड्याच्या पत्रात आपण कुठे होतो, तिथून काय दिसलं, हे तो सांगतो. इतिहास घडताना पाहिल्याचा आव नाही. आपल्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा कानावर पडला की मला ते पत्र हटकून आठवतं.

लेखक म्हणूनही तो खपला. १९७२च्या ‘अमेरिका’ या तेरा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेवरचं पुस्तक लाखांनी गेलं. मला विचाराल तर त्याहून सरस १९५०चं, सोव्हिएत हेरगिरीचा आरोप झालेला अमेरिकी सरकारी अधिकारी ॲल्जर हिस याच्या खटल्यावरचं. ‘मँचेस्टर गार्डियन’चा वार्ताहर म्हणून त्यानं तो खटला पाहिला होता, त्यामुळे शब्दांच्या ओघाला कोर्टाचा लगाम आहे.

आता त्याच्यावर माझी भक्ती आहे असं समजू नका. त्याची अमेरिका बरीचशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या खिडकीतून दिसणारी होती, गरिबाघरचे आवाज त्यात कमीच. आणि गोल्फवरची पत्रं तर मी खुशाल वगळतो.