कुऱ्हाडीवरचा ठसा नेमका कोणाचा?

जुन्या कुऱ्हाडीवरचे नाव वाचता आले की ती कोणी घडवली हे कळले, असे पुष्कळ संग्राहक धरून चालतात. माझ्या मते खरे काम तिथून पुढे सुरू होते. पात्यावर ठोकलेले नाव घडवणाऱ्याचे असू शकते, विकणाऱ्याचे असू शकते, नुसते व्यापारी नाव असू शकते आणि कित्येकदा तर ती खूण फक्त मालकाची असते. त्यामुळे ठसा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

त्याआधी अर्थातच गंज काढावा लागतो आणि सर्वाधिक पुरावा याच टप्प्यावर नष्ट होतो. खोल ठोकलेला ठसा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून, नायलॉनच्या ब्रशने घासून, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला तरी सहसा शाबूत राहतो. परंतु काही खुणा ठोकलेल्या नसून आम्लाने कोरलेल्या असतात. अमेरिकेतील केली कंपनीच्या ‘ब्लॅक रेव्हन’ कुऱ्हाडीवरचा डोमकावळा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा खुणेला पुन्हा आम्लात बुडवणे धोक्याचे आणि ग्राइंडरचे तारेचे चाक तर मी कोणत्याच कुऱ्हाडीला लावू देणार नाही. अस्पष्ट अक्षरे वाचायची असतील तर अंधाऱ्या खोलीत विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी आणि तिची दिशा हळूहळू बदलत जावी. एका बाजूने न दिसणारी उभी रेघ दुसऱ्या बाजूने सावली पडताच दिसू लागते. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रात नेमकी हीच सावली पुसली जाते.

आता नावांकडे वळू. ‘कीन कटर’ हा ठसा अमेरिकेत फार आढळतो, पण ते सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापारी कंपनीचे व्यापारी नाव होते. मोठे घाऊक व्यापारी कारखान्यांकडून माल घडवून घेत आणि त्यावर स्वतःचे नाव ठोकवत, म्हणून असा ठसा भट्टीपर्यंत नव्हे, दुकानापर्यंतच पोहोचवतो. ‘अ‍ॅगडोर’ हे नाव वाचून कुऱ्हाड ऑस्ट्रेलियात घडली असावी असे वाटते, कारण ती तिथेच गाजली; प्रत्यक्षात ती त्या बाजारपेठेसाठी स्वीडनच्या हुल्ट्स ब्रुक या १६९७ साली स्थापन झालेल्या कारखान्यात घडवली जात असे. ब्रिटिश कुऱ्हाडीवरच्या रुंद बाणाच्या खुणेचीही हीच गत आहे. तो बाण सरकारी मालमत्तेचा आहे. निर्मात्याचे नाव असलेच तर त्याच्या आसपास वेगळे शोधावे लागते.

निर्मात्याचे नाव खरोखर सापडले तरी ते खरे आहे का, हा प्रश्न उरतोच. सॅम्युअल आणि डेव्हिड कॉलिन्स या भावांनी १८२६ साली कनेटिकटमध्ये कुऱ्हाडींचा कारखाना काढला. कारखाना ज्या वस्तीत होता तिचेच नाव पुढे कॉलिन्सव्हिल पडले, तरी ठशात मात्र हार्टफर्ड असे शहराचे नाव येई. हा माल इतका नावाजला की इतरांनी त्याची नक्कल केली, आणि कंपनीला १८५७ साली इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयात जाऊन आपल्या नावाचा गैरवापर थांबवावा लागला. म्हणून मुकुटातून वर आलेला हातोडाधारी हात आणि ‘लेजिटिमस’ हा शब्द असलेली कॉलिन्सची खूण दिसली, तरी अक्षरांची ठेवण आणि घडणीचा दर्जा तपासल्याशिवाय मी निश्चिंत होत नाही.

काळ ठरवण्यासाठी गावांची नावे फार उपयोगी पडतात. केली कंपनी केंटकीतील लुईव्हिलहून इंडियानातील अलेक्झांड्रियाला आणि पुढे वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टनला गेली. १९३० साली ती अमेरिकन फोर्क अँड हो कंपनीने घेतली, आणि ‘केली वर्क्स’ व ‘ट्रू टेंपर’ ही नावे एकत्र असलेला ठसा त्यानंतरचा होय. ज्या देशात माल घडला त्याचे नाव आयात मालावर असण्याची सक्ती अमेरिकेत १८९० च्या जकात कायद्याने आली, त्यामुळे तिथे सापडलेल्या कुऱ्हाडीवर ‘स्वीडन’ असेल तर ती बहुधा त्यानंतरची असते. उलट तर्क मात्र चालत नाही, कारण देशाचे नाव केव्हाच निघून गेलेल्या कागदी लेबलावरही असू शकते. वजनाचा आकडा पौंडात आहे की किलोत, यावरून कुऱ्हाड कोणासाठी घडवली हे कळते, कोणी घडवली हे नव्हे.

ठसा अजिबात नसेल तर लोखंडच तपासायचे. जुन्या घडणीत मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादी धार भट्टीत सांधलेली असते. स्वच्छ पृष्ठभागावर व्हिनेगर पुसले की पोलाद अधिक काळवंडते आणि सांध्याची रेघ स्पष्ट उमटते. एकसंध पोलादाच्या कुऱ्हाडीतही पाणी दिलेला, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेला भाग असाच गडद दिसतो, पण त्याची कड विरत गेलेली असते. नेढ्याचा, म्हणजे दांडा बसवायच्या भोकाचा आकार आणि नेढ्याच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेली टोके पाहून ‘जर्सी’ घाट ओळखता येतो. मात्र तो घाट अनेक कारखाने घडवत. अशा कुऱ्हाडीच्या नोंदीत मी घाट, वजन, नेढ्याचे माप आणि सांध्याचा प्रकार लिहितो आणि निर्मात्याचा रकाना रिकामा ठेवतो.