बारकोड हा आकडा नव्हे

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. सांगलीतल्या एका सुपरशॉपीतून सकाळी साडेनऊला फोन आला, "सर, तिन्ही स्कॅनर गेले. काहीही धरलं तरी 'आयटम सापडला नाही' येतंय."

तीन स्कॅनर एकाच सकाळी जात नाहीत. जीएसटीचे नवे दर त्याच दिवसापासून लागू होते: साबण, शॅम्पू, बिस्किटं १८ वरून ५ टक्के, तूप १२ वरून ५. म्हणजे रात्री आयटम मास्टरला, दुकानातल्या सगळ्या वस्तूंच्या यादीला, हात लागला होता.

त्यांनी मास्टरची सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये उघडून दर बदलले, तीच सेव्ह केली, परत चढवली. दर बरोबर होते. पण एक्सेल १३ अंकी बारकोडला संख्या समजतं. ८९०१२३४५६७८९० हा पडद्यावर ८.९०१२३ई+१२ दिसतो आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं. परत वाचताना त्याचा ८९०१२३००००००० होतो. कॉलम कितीही रुंद करा, गेलेले अंक येत नाहीत. तुपाच्या एचएसएनचं, म्हणजे जीएसटीसाठीच्या वर्ग क्रमांकाचं, ०४०५ चंही ४०५ झालं होतं. खतावणीत 'तूप, अर्धा किलो' लिहिणाऱ्या मुनीमजींना त्या शब्दांची बेरीज करायचं सुचलं नसतं.

बारकोडचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या बारांपैकी सम जागांवरचे अंक तिप्पट, विषम तसेच. बेरीज दहाच्या पटीत न्यायला जो अंक मिळवावा लागेल तो. बिघडलेल्या कोडाची बेरीज ४९, म्हणून शेवटी १ हवा, होता ०. बिलिंगचं सॉफ्टवेअर एवढं तपासत असतं तर फाइल दारातच अडली असती. ते फक्त तेरा अंक मोजत होतं.

रात्री अकराचा बॅकअप होता. मालक म्हणाले, तोच चढवा. चढवला असता तर नवे दर आणि सकाळची बिलं दोन्ही गेली असती. तो दुसऱ्या मशीनवर उतरवला, त्यातून आयटम कोड, बारकोड, एचएसएन एवढेच कॉलम 'टेक्स्ट' म्हणून घेतले आणि आयटम कोडवर जुळवून चढवले. मग लांबी तपासली (१३ किंवा ८), दुहेरी कोड शोधले, रॅकवरच्या वीस वस्तू प्रत्यक्ष स्कॅन केल्या. तोवर काउंटरवर नाव टाइप करून बिलं चालू होती.

दुपारी आदल्या दिवशीचा शॅम्पू परत आला. बिल १८ टक्क्यांचं, परतावा निघाला ५ ने. जुना दर पुसून नवा लिहिला होता. 'कधीपासून लागू' हा रकाना मास्टरमध्ये होता, पण रिकामाच.