सायलेन्सरनंतर जेटचीही पाळी

माझ्याकडे 2014 सालची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 मोटारसायकल आहे. तिच्या 346 सीसी इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद 5250 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 19.8 बीएचपी एवढी असून ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना ती मला नेहमी थोडी अपुरी वाटत असे. म्हणून तीन वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मी मोकळा सायलेन्सर बसवून घेतला आणि एअर फिल्टरचा डबा काढून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला.

आवाज भरदार झाला, परंतु पिकअप कमी झाला. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला आणि आठवड्याभराने स्पार्क प्लग काढून पाहिला तेव्हा त्याचे टोक पांढरे पडले होते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि इंजिनाकडून पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा हे प्रमाण 12.5 ते 13 च्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या बाजूला झुकलेले असावे लागते. मी हवेचा मार्ग दोन्ही टोकांनी मोकळा केला होता, पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, येत होते. अशा पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या, मिश्रणावर इंजिन तापते, आणि रेस सोडल्यावर न जळलेले मिश्रण गरम पाइपात पेट घेते. फटफट होते ती त्यामुळे.

मग मुख्य जेट एका मापाने मोठा केला, पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईखाली पातळ वॉशर घालून ती किंचित वर उचलली आणि आयडलिंगचे, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीचे, मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू नव्याने लावला. मुख्य जेटचा परिणाम पूर्ण रेसवर, सुईचा मधल्या रेसवर आणि पायलटचा आयडलिंगच्या आसपास दिसतो, हे ध्यानात ठेवून एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून पाहिली. प्लग कॉफीच्या रंगाचा, म्हणजे हवा तसा, झाला आणि वरच्या आरपीएमला फरक जाणवू लागला.

मधल्या रेसवरची अडखळ मात्र गेली नाही, आणि त्याचे कारण समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. या गाडीच्या कार्ब्युरेटरमधला स्लाइड, म्हणजे सुई धरून वर-खाली होणारा हवेच्या वाटेतला दट्ट्या, केबलने उचलला जात नाही. त्याला जोडलेल्या डायफ्रामच्या (रबरी पडद्याच्या) वरचा निर्वात आणि खालचा हवेचा दाब यांच्यातल्या फरकाने तो वर जातो. एअर फिल्टरच्या डब्यात हवा शांत असते, त्यामुळे हा फरक स्थिर राहतो. उघड्या फिल्टरपाशी हवा घुसळली जाते आणि स्लाइड थरथरतो. शिवाय उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम, विरळ हवा ओढतो, घोडबंदर रस्त्यावरची धूळ थेट झेलतो, आणि जुलैच्या पावसात तो असा भिजला की माजिवड्याच्या उड्डाणपुलावर गाडी बंद पडली.

सायलेन्सरच्या बाबतीतही माझा समज चुकीचा होता. इंजिनाला मागचा दाब, म्हणजे धुराच्या वाटेत थोडा अडथळा, हवा असतो, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. खरे पाहता पाइपात धुराचा वेग टिकावा लागतो, कारण बाहेर जाणारा लोंढा आपल्या मागे सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून नेतो. पाइप फार रुंद केला की कमी आरपीएमला हा वेग घटतो, आणि ठाण्याच्या वाहतुकीत गाडी बहुतेक वेळ त्याच आरपीएमला चालते.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असते, त्यामुळे ट्यूनिंगची गरज नाही, असे माझा भाचा म्हणतो. पण ते पुरते खरे नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे ठराविक मर्यादेतच पेट्रोल कमी-जास्त होते आणि पूर्ण रेसला ईसीयू (इंजिनाचा संगणक) बहुतेक आपल्या आधी ठरलेल्या आकड्यांच्या तक्त्यावरच चालतो. शिवाय सायलेन्सरसोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मी मूळ डबा, मूळ सायलेन्सर आणि मूळ जेट परत बसवले आहेत. वॉशरही काढला आहे. फिल्टर तेवढा धुता येणारा कापडी घेतला, तो डब्यातच बसतो आणि धुळीच्या दिवसांत दर महिन्याला मी तो स्वतः काढून पाहतो.